नसीमबाई आणि माझे कापणीचे टेबल

नसीमबाई शेख यांना मी पहिल्यांदा पाहिले ते चंद्रपूरच्या आमच्या शिवण केंद्रात, मापे लिहून घ्यायला बसलेल्या. उन्हाळा होता. कूलरचे पाणी संपले होते, आणि पंख्याच्या वाऱ्याने माझे कागदी नमुने उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर कात्र्या ठेवल्या होत्या. केंद्रात गडचिरोलीकडच्या आश्रमशाळांचे गणवेश शिवले जातात. मी तेथे कटिंग मास्टर, आणि बाई नव्यानेच लेखनिक म्हणून लागल्या होत्या. मी एका मुलीचे माप घेत होतो आणि आमच्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे नुसते आकडे सांगत होतो. "अठ्ठावीस, बारा, सात, वीस, चोवीस." माप घेणारा वरून खाली सांगत जातो, लिहिणारा लिहीत जातो. कोणता आकडा कशाचा, हे कोणी विचारत नाही. उस्तादांकडे मी असेच शिकलो.

बाईंनी पेन खाली ठेवले.

"मास्टर, सात कायचे जी?"

"बाहीचे. क्रम ठरलेला आहे, बाई. छाती, खांदा, बाही, उंची, कंबर. सगळ्याईले मालूम आहे."

"मले नाई मालूम. अन् उद्या माह्या जागी जे बसन, तिले बी नाई राहणार. आकड्याच्या डोक्यावर नाव पायजे."

"आजवर बिना नावाचं चालूनच राह्यलं ना?"

"तुमच्या डोक्यात आहे म्हून चालते. तुमी सुट्टीवर गेले का मंग?"

मशीनवर बसलेल्या साऱ्या मुली हसल्या. मला बाईंचा राग आला. तो राग पुढे गेला, हेवा मात्र राहिला, आणि तो आजही आहे. बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात असे लिहावे की नाही, मला ठाऊक नाही. माझी शाळा सातवीत सुटली. हा ग्रंथ काढणाऱ्या बाईंच्या विद्यार्थिनींपैकी सपना माझ्याकडे लेख मागायला आली, तेव्हा मी तिला सांगितले की पोरी, मले बाईंचा हेवा वाटते, दुसऱ्या कोणाले सांग. ती म्हणाली, "ते तर सगळ्या केंद्राले मालूम आहे, मास्टर. तुमी लिहा." म्हणून लिहितो आहे. चार वेळा खोडले आहे. अजूनही कोणता शब्द चुकला असेल याची धास्ती आहे.

केंद्रात माझे म्हणावे असे एकच होते, ते म्हणजे कापणीचे टेबल. लांब, सागवानी, एका कडेला माझ्या कात्रीने घासून गुळगुळीत झालेले. त्याच्यापाशी उभे राहण्याचा मान माझा होता, आणि बाई आल्या त्या दिवसापासून मला एकच भीती लागली की ही बाई एक दिवस माझे टेबल काढून घेणार. माझ्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरू लागला होता. त्यामुळे भीतीला बसायला जागा मिळाली.

बाई मूळच्या घुग्घुसच्या. त्यांचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करीत. कोळशाच्या धुळीने मशीनचे तेल काळे पडे आणि लहानपणी बाई ते पुसून काढीत, असे त्या सांगतात. पुढे चंद्रपुरात त्यांनी टायपिंगचे वर्ग घेतले. टायपिंग शिकायला कोणी येईनासे झाले, तेव्हा त्या आमच्याकडे आल्या. कोष्टकांवर काम करणारा प्रोग्राम लिहायला त्या केंद्रात आल्यावर शिकल्या, तेही पन्नाशी ओलांडल्यावर, नागपुरात शिकणाऱ्या भाचीला फोन लावून. दुपारी आम्ही डबे उघडत असू आणि बाई भाचीशी भांडत असत. "तू भरभर सांगू नको बेटा, मी म्हातारी आहो. पहिले ओळ सांग, मंग रकाना सांग."

त्यांच्या कामाबद्दल मला समजले तेवढे सांगतो. चुकले असेल तर जाणत्यांनी सुधारून घ्यावे. प्रत्येक मुलीची एक आडवी ओळ. प्रत्येक मापाचा एक उभा रकाना. रकान्याला नाव असते, म्हणून 'बाही' म्हटले की सगळ्या शाळेच्या बाह्या समोर येतात. एवढे मला लवकर कळले. ओळीलाही नाव असते, हे मात्र कळायला वेळ लागला. बाईंच्या कोष्टकात ते नाव म्हणजे एक नंबर होता, आणि त्या नंबरावरून आमचे पहिले मोठे भांडण झाले.

"पहिल्या ओळीले शून्य?" मी म्हणालो. "शून्य नंबरची पोरगी असते का कुठी?"

"संगणक शून्यापासून मोजते, मास्टर."

"मंग त्याले पहिले शाळेत घाला."

"तुमच्या गळ्यातल्या टेपचा पत्रा कुठी आहे?" बाई म्हणाल्या. "तुमी माप एकापासून सुरू करता का शून्यापासून?"

मी टेपच्या टोकाचा पत्रा पाहिला, तो शून्यापाशीच होता. मुलींना हसू आवरेना.

आमच्या धंद्यात कापलेल्या प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी टाचतात. बाही एका मशीनवर जाते, पाठ दुसऱ्या मशीनवर. कॉलर करणारी कोपऱ्यात बसते. शेवटी चिठ्ठी पाहून सगळे तुकडे एकत्र येतात. बाईंनी एकदा मुलींना सांगितले, "ओळीचा नंबर म्हणजे तिची जागा नोहे. मास्टर कापडाले चिठ्ठी टाचतेत ना, तसा तो नंबर आहे. ओळ वर गेली, खाली गेली, चिठ्ठी तिच्यासंगच राहते." कापणीसाठी आम्ही छातीच्या मापाप्रमाणे यादी लावतो, म्हणजे एका मापाचे थर रचून एकदम कापता येतात. यादी अशी लावली की पडद्यावर एकेचाळीसच्या खाली तीन येतो, तीनच्या खाली सतरा. शाळा सोडून गेलेल्या मुलींच्या ओळी काढल्या की मधले नंबर गायब होतात. ते पाहून नंबर नव्याने ओळीने लावायला कोणाचाही हात शिवशिवतो. बाई कोणाला हात लावू देत नसत. "दिसाले वाईट दिसते," म्हणत, "पण खरं आहे."

हे शिकायला लोक येऊ लागले. मोहर्लीहून जंगल सफारीच्या जिप्सी गाड्यांच्या फेऱ्यांच्या याद्या ठेवणाऱ्या मुली आल्या, वरोऱ्याच्या बाजारातून कापसाची आवक लिहिणारी पोरे आली. बाई प्रत्येकाला 'मास्टरची चिठ्ठी' सांगत आणि मग माझ्या टेबलाकडे बोट दाखवीत. ती मंडळी उठून येत, टाचलेले कापड पाहत, नमस्कार करीत आणि परत बाईंच्या पडद्यापाशी जाऊन बसत. जन्मभर मी चिठ्ठ्या टाचल्या, त्या शिकायला कधी कोणी आले नाही. बाईंनी तीच गोष्ट तोंडाने सांगितली आणि बसायला सतरंजी पुरेना. नाव माझे घेत होत्या, हे खरे. त्याने अधिकच जळजळ होत होती.

त्यांच्या मायेची एक गोष्ट सांगायलाच हवी. एका आश्रमशाळेच्या गुरुजींनी तिथेच मापे घेऊन पाठवली होती. एका मुलीच्या ओळीत शेवटचा रकाना, कमरेचा, रिकामा निघाला. बाईंच्या प्रोग्रामने तेवढी ओळ बाजूला काढली. मी म्हणालो, कंबर अंदाजे धरू. बाई ओळीकडे पाहत राहिल्या. "मास्टर, हिची बाही वीस अन् उंची चोवीस? बाही कुठीतरी राह्यली, म्हून मागचं सगळं एक घर पुढं सरकलं." त्यांनी लगेच फोन लावला. मापाचे विचारायच्या आधी त्यांनी विचारले, "गुरुजी, पोरीच्या हाताले काय झालं?" मुलगी झाडावरून पडली होती, हाताला प्लास्टर होते, म्हणून गुरुजींनी बाही सोडून पुढची मापे लिहिली होती. बाई मला म्हणाल्या की प्लास्टरवरून चढेल अशी बाही करता येईल का. मी बाही उभी उसवून तिला नाड्या लावून दिल्या. प्लास्टर निघाल्यावर नाड्या काढून एक टीप मारली की झाले. शाळेतून निरोप आला तो बाईंच्या नावाने आला. बाईंनी तो सगळ्यांसमोर वाचला आणि म्हणाल्या, "बाही मास्टरनं केली." तेव्हाही मुलींनी टाळ्या वाजवल्या त्या बाईंकडे पाहून.

आता मुख्य गोष्ट. तिच्यात माझे टेबल जाता जाता राहिले.

डोळ्यांमुळे मी हळू झालो होतो. केंद्राच्या समितीचे अध्यक्ष मला म्हणाले होते, "देवरावभाऊ, आता काज-बटनाकडे बसा. टेबलावर नवा माणूस घेऊ." तसा माणूस आलाही होता. वरोऱ्याचा प्रशांत, डिप्लोमा केलेला, हाताने चपळ, स्वभावाने बरा. त्या वर्षी मुलींच्या एका शाळेचे कापड मी बेतले आणि गणवेशांवर शिवायची नावांची लेबले प्रशांतने काढली. गणवेश गेले. दोन दिवसांनी शाळेतून फोन आला. पहिलीतल्या मुलीच्या नावावर दहावीचा गणवेश, दहावीतलीच्या नावावर पहिलीचा. मुख्याध्यापक फोनवर म्हणाले, "मास्टर म्हातारे झाले का जी?" फोन अध्यक्षांच्या टेबलावर मोठ्या आवाजात लावलेला होता. मी दारात उभा होतो. अध्यक्ष माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हेच मी म्हणून राह्यलो होतो."

बाईंनी संगणक पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला जीपमध्ये बसवले, मला आणि प्रशांतलाही. आलापल्लीच्या पुढे रस्ता जंगलात शिरला. मी मनात माझी कापणी पुन्हा पुन्हा तपासत होतो. छाती चुकली असेल का? दोन थर एकमेकांत गेले असतील का? डोळ्यांवर माझा स्वतःचाच विश्वास उरला नव्हता.

शाळेच्या पटांगणात मुली गणवेश घालून उभ्या होत्या. एका मोठ्या मुलीचे बटण लागत नव्हते. एक लहानगी बाह्यांच्या आत हरवली होती. ती म्हणाली, "बाई, माह्या फ्राकात अजून एक पोरगी मावते." साऱ्या खिदळल्या. मी मान खाली घातली.

बाई पायरीवर बसल्या, संगणक मांडीवर घेतला. "पोरीहो, खिशात हात घाला. कागदाची चिठ्ठी राह्यली असन, ते काढा." चिठ्ठ्या होत्या. बाईंनी केलेल्या मूळ कोष्टकाचे नंबर छापून केंद्रातल्या बायकांनी त्या टाचल्या होत्या आणि इस्त्रीच्या वेळी खिशात सरकवल्या होत्या. ज्यांच्या चिठ्ठ्या हरवल्या होत्या त्यांना बाईंनी एका बाजूला बसवले. मग बाकीच्या एकेक जणी नंबर वाचू लागल्या आणि बाई मूळ कोष्टकातून नाव सांगू लागल्या. लेबलावरच्या नावाकडे त्यांनी पाहिलेच नाही. नाव पुकारले की त्या नावाची मुलगी पुढे येई आणि तो गणवेश तिचा ठरे. मुली वर्गात पळत, बदलून परत येत. चिठ्ठी हरवलेले थोडे गणवेश शेवटी उरले, ते उरलेल्या मुलींना मापे पाहून दिले. बटण न लागणाऱ्या मुलीचे बटण लागले. लहानगीचे हात बाह्यांतून बाहेर आले. मी टेप घेऊन ओळीतून फिरलो. खांदे जागेवर होते. उंची जागेवर होती. मला कोठेही खडू काढावा लागला नाही.

बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "गुरुजी, मास्टरची कापणी पाहून घ्या. नावं सरकली, ते आमच्या संगणकावरून. जबाबदारी माही आहे." प्रशांतचे नाव त्यांनी घेतले नाही. अध्यक्षांनाही त्यांनी तेथूनच फोन लावला आणि एवढेच म्हणाल्या, "साहेब, कपडा बरोबर आहे. मास्टरले टेबलावरून हटवू नका."

परतताना चहाच्या टपरीवर प्रशांत म्हणाला, "बाई, माहंच चुकलं. शाळेले नावं बाराखडीच्या क्रमानं पायजे होती. मापं तर छातीच्या क्रमानं होती. दोन्हीकडं नंबर असे तुटके-फुटके दिसून राह्यले होते, म्हून मी दोन्ही याद्याईले शून्यापासून नवे नंबर लावले."

"अन् मंग जोडल्या."

"हो. बराबर जोडल्या गेल्या. एक बी जागा खाली नाई राह्यली."

"खाली राह्यली असती तर कोणाले तरी संशय आला असता," बाई म्हणाल्या. "नव्या शून्यानं नवा शून्य धरला, एकानं एक. संगणकाची काय चूक? तू ओळीची ओळख पुसली अन् बसायची जागा सांगितली. घे, भजी खा. मी बी एकदा असंच केलं होतं."

"कधी?" मी विचारले. मला ते ऐकायची फार इच्छा होती.

"तुमाले नाई सांगत, मास्टर. तुमी जन्मभर लक्षात ठेवसान."

मी ठेवले असते. बाई मला चांगल्या ओळखतात.

टेबल राहिले. पण जिने ते राखून दिले तिचाच हेवा करायचा, म्हणजे रोज घासाबरोबर खडा चावण्यासारखे आहे. मी खूप प्रयत्न केला की बाईंचे काहीतरी वाईट दिसावे. दिसले नाही. त्या मोठ्याने बोलतात, आणि दुसऱ्याच्या डब्यातले लोणचे न विचारता घेतात. इतकेच सापडले.

यंदा बाई साठीच्या झाल्या आणि नियमाप्रमाणे केंद्रातून निवृत्त होत आहेत. त्यांचे काम सपना पाहील. याच वर्षी समितीने कापणीचे यंत्र आणायचे ठरवले. अध्यक्ष म्हणाले, हाताची कापणी शिकणारे कोणी असेल तर टेबल ठेवू आणि मास्टरांना शिकवायला ठेवू. कोणी नसेल तर टेबलाची जागा यंत्राला लागेल. फळ्यावर माझ्या वर्गाचे नाव लिहिले आणि खाली नावे लिहायला जागा सोडली. शेजारीच कोष्टकांच्या वर्गाचा फळा होता. तो दुपारपर्यंत भरला. माझ्या फळ्यावर आठवडाभर धूळ बसली. मी रोज सकाळी येऊन तो पाहत असे, पण कोणी पाहत नसताना.

सपनाला विचारले, "काऊन गं, कोणालेच कात्री नाई शिकाची?"

ती म्हणाली, "शिकाची आहे जी. पण तुमी ओरडता."

मी ओरडतो, हे खरे आहे. कापड एकदा चुकीचे कापले की परत जोडता येत नाही. म्हणून ओरडतो.

नावे लिहायच्या शेवटच्या दिवशी समितीची बैठक होती. मी टेबलावरचे माझे सामान पिशवीत भरायला घेतले होते. बाई आल्या, फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि खडूने पहिले नाव लिहिले, नसीम शेख. मला वाटले थट्टा करत आहेत. त्या म्हणाल्या, "थट्टा कायची? मशीन दुरुस्त करणाऱ्याची पोरगी आहो मी. मशीनचा स्क्रू न् स्क्रू मालूम, पण बेतता काई आलं नाई. रिटायर होऊन घरी बसून काय करू? सोमवारपासून येतो."

"मी ओरडतो, बाई."

"मी बी ओरडतो. पाहू कोणाचा आवाज मोठा आहे ते."

संध्याकाळपर्यंत बाईंच्या नावाखाली सपनाचे नाव आले, प्रशांतचे आले, मशीनवरच्या मुलींचीही आली. समितीने टेबल ठेवले. माझ्या वर्गात मुली आल्या त्याही बाईंच्या मागे आल्या, हे मी लिहून ठेवतो, कारण माझ्या मनात ते रोज येते.

सोमवारी बाईंनी जुन्या चादरीवर पहिला मुंढा कापला, म्हणजे बाही जोडायची गोलाई. तो इतका वाकडा निघाला की बाहीच्या जागी माठ बसला असता. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो या ग्रंथात लिहिण्यासारखा नाही. "मास्टर, हे असं काऊन झालं?" बाईंनी विचारले. मी म्हणालो, "कात्री उचलून राह्यल्या तुमी. खालचं पातं टेबल सोडाले नको." त्यांनी मान डोलावली आणि दुसरा कापला. मग तिसरा. मी ओरडत होतो, त्या ओरडत होत्या, मुली हसत होत्या. मागच्या आठवड्यात त्यांनी कापलेला मुंढा मी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, बोटाने चाचपून पाहिला. तो बराच गोल झाला आहे. तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही.

नसीमबाईंना खूप आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे, त्यांचे डोळे, त्यांचा मोठा आवाज, सगळे शाबूत राहो. दर सोमवारी त्या माझ्या टेबलाशी येत राहोत, आणि त्यांच्या मागे येणाऱ्या मुलीही येत राहोत. वरच्याकडे माझे आणखी एकच मागणे आहे, आणि त्याने बाईंचे काही बिघडणार नाही. मी त्या टेबलापाशी उभा आहे तोवर बाईंचा मुंढा थोडासा वाकडाच निघावा.